बिनदोऱ्याची टीप

"ह्यो काय ब्लाऊज हाय? पिंजरा हाय पिंजरा!"

दुकानाची पायरी चढता चढताच हौसाआक्कांनी तोफ डागली. एक हात दाराच्या चौकटीवर, दुसरा छातीवर, कपाळ घामानं निथळलेलं, आणि एवढा दम लागलेला असूनही तोंडाचा पट्टा सुरूच. माझ्याकडे तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांनी लगेच कान टवकारले.

"आक्का, परवाच तर सैल करून दिला," मी म्हटलं.

"सैल केलास? मग ही छाती कोण आवळतंय? माझा नवरा? त्याच्या हातात तेवढा जोर ऱ्हायलाय व्हय?"

गिऱ्हाइकं पदर तोंडाला लावून हसली. मी मात्र हसले नाही, कारण हा प्रकार त्या महिन्यातला चौथा होता. मी आक्कांना पडद्यामागे नेलं. त्यांनी ब्लाऊज काढून दिला आणि पदर लपेटून त्या स्टुलावर बसल्या. मी तांब्याभर पाणी दिलं, मशीनवर बसले आणि पाय चालवायला लागले. खडखड, खडखड. दहा मिनिटांनी ब्लाऊज परत दिला.

आक्कांनी तो अंगात घातला, खांदे हलवून बघितले, एक मोठा श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आता कसा झ्याक झाला! पयल्यांदाच असा का शिवत न्हाईस गं तू?"

आणि त्या उरलेला चढ चढायला निघून गेल्या. त्या दिसेनाशा झाल्यावर मी मशीनच्या सुईत दोरा ओवला. होय, ओवला. कारण ती दहा मिनिटं मी मशीन बिनदोऱ्याचं चालवलं होतं.

ही लबाडी मी का करत होते ते सांगायला हवं. आमचं गाव मिरजेच्या बाजूचं, टेकडीच्या अंगाला चिकटून बसलेलं. मळे खाली, घरं वर, आणि मधे नुसता चढ. मोहित्यांचं घर अगदी माथ्यावर आणि माझं दुकान चढाच्या बरोबर मध्यावर. हौसाआक्का मोहिते रोज सकाळी मळ्यात उतरायच्या आणि अकराच्या सुमाराला डोक्यावर पाटी घेऊन परत चढायच्या. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. गल्लीतल्या बायकांच्या त्या सरपंचच. आक्कांनी एखाद्या शिवणाला चांगलं म्हटलं की गल्ली चांगलं म्हणायची, नाक मुरडलं की गल्लीही नाक मुरडायची. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या आणि शिंप्याच्याच घरात नांदायला आलेल्या माझ्यासारखीला असं गिऱ्हाईक नाराज करणं परवडणारं नव्हतं.

दिवाळीनंतर आक्का पहिल्यांदा तक्रार घेऊन आल्या, तेव्हा मी खरोखरच दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून अर्धा इंच सोडला होता. आठवड्यानं पुन्हा तेच. पुन्हा सोडला. मग आत सोडायला कापडच उरलं नाही. बगलेखाली ब्लाऊज पोत्यासारखा लोंबायला लागला, माझी चार बोटं आत सहज जायची, तरी आक्कांचं आपलं तेच, छाती आवळते. माप घेतलं तर पाच वर्षांपूर्वीचंच अडतीस. शेवटी मला वाटलं, बाईच्या डोक्यात बसलंय ते, दुसरं काय. म्हणून एकदा गंमत म्हणून दोरा काढला आणि मशीन चालवलं. आक्का खूश झाल्या. तेव्हापासून तोच इलाज. घरी गेल्यावर मी सासूबाईंना ते नक्कल करून दाखवायचे आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

हे सांगताना आजही माझी मान खाली जाते.

माघात आक्कांच्या धाकट्याचं, धैर्यशीलचं लग्न ठरलं. वरमाई म्हणून नेसायला त्यांनी मोरपंखी शालू घेतला आणि त्यातलं ब्लाऊजचं कापड माझ्यासमोर टाकलं.

"ह्यो मातुर सुदिक शिव. चारचौघांत मला छाती धरून हुबं ऱ्हावं लागलं, तर तुझं दुकान म्या बंद करीन."

लग्नाला वीस-बावीस दिवस होते. त्याच आठवड्यात आमच्या गावची आशाताई, वैजयंता, हातात कागदांचा गठ्ठा घेऊन दुकानात येऊन बसली. रडवेली झाली होती.

"वहिनी, एवढं एक काम करा. सरकारचं नवीन फॉर्म आलंय. तिशीच्या वरच्या समद्या बायकांचं वय लिवायचं, कमरेचं माप घ्यायचं, बीपी बघायचं. घरोघरी फिरले. एक बाई वय सांगंना का कमरेला हात लावू देईना. पाटलांची सून म्हणली, 'माझी कंबर सरकारला कशापायी पायजे?'"

"मग मी काय करू?"

"तुमच्या हितं माप द्यायला कुणी लाजत न्हाई. बुधवारी डॉक्टरबाई येणार हाईत. तुमच्या दुकानात तपासणी ठेवू या का?"

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर चार बायका जमतील, नवी कापडं बघतील, असा माझाही आपला डाव होता. मंगळवारी संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली की सरकार बायकांना फुकट ब्लाऊज शिवून देणार आहे आणि मापं सुलभा माळवदेच्या दुकानात घेणार आहेत. ही बातमी कुणी उठवली ते वैजयंताला शेवटपर्यंत "ठाऊक" नव्हतं.

बुधवारी सकाळी नऊला दुकानापासून खालच्या पिंपळापर्यंत बायकांची रांग. काही जणी तर चापून घट्ट नेसून आल्या होत्या, माप कमी भरावं म्हणून. मी टेप घेऊन उभी, वैजयंता आकडा लिहून घेणार आणि डॉक्टर मुल्ला माझ्या कापायच्या टेबलाशी खुर्ची टाकून बसलेल्या. आरोग्य केंद्रात त्या नव्यानंच आल्या होत्या. जेमतेम सत्तावीस वर्षांची, लहानखुरी, मिरजेची मुलगी. गळ्यात स्टेथोस्कोप नसता तर कॉलेजला निघाली आहे असंच वाटलं असतं.

"तंबाखू खाता?" वैजयंता एकेकीला विचारत होती.

"शी बाई! न्हाई."

"मिसरी लावता?"

"आता ती कोण लावत न्हाई?"

"तीच तंबाखू." वैजयंता लिहून घ्यायची आणि पुढच्या बाईचा चेहरा पडायचा. मापाच्या नावानं आलेल्या बायका टेबलापाशी पोचल्या की आपोआप दंड पुढे करत होत्या. ब्लाऊजचं काय झालं, हे विचारायला निम्म्या जणी विसरल्याच.

साडेअकराला मळ्यातून हौसाआक्का आल्या. रांगबिंग त्यांना कधी लागू नव्हतीच. पाटी दाराशी ठेवली, घाम पुसला आणि सरळ टेबलापुढच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

"ही पोर डाक्टर हाय? हिला आय हाय का न्हाई घरी जेवाय घालायला?"

डॉक्टर मुल्ला हसल्या. आक्कांना पाच मिनिटं तसंच निवांत बसू दिलं आणि मग दंडाला पट्टा गुंडाळून फुगवायला लागल्या. लगेच आक्का कळवळल्या.

"अगं बया, आता तू बी आवळ! आधी ह्या सुलभेनं आवळलंय, त्यात तुझी भर!"

"कुठे आवळलंय?" डॉक्टरांनी काट्यावरची नजर न काढता विचारलं.

"हितं, छातीवर. हिचा ब्लाऊज. वर चढाय लागलं की असा करकचतो, जणू कुणी दावं बांधलंय."

पट्टा सैल झाला. डॉक्टरांनी आकडा लिहिला, पुन्हा एकदा मोजला, पुन्हा लिहिला. दोन्ही वेळा एकशे सत्तरच्या वर. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आत्ता आवळतंय?"

"आत्ता न्हाई. बसले की न्हवं."

"एरवी कमी कसं होतं?"

"हीच सैल करून देती की. धा मिन्टात गुण. हात चांगला हाय तिचा, फकस्त पयल्यांदा शिवताना आळस करती."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "किती सैल करता हो तुम्ही दर वेळी?"

'अर्धा इंच.' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. तेवढं म्हटलं असतं की संपलं असतं. डॉक्टर म्हणाल्या असत्या, ब्लाऊज नवा शिवून घ्या आणि बीपीची गोळी घ्या, पुढची बाई. समोर सबंध गल्ली उभी होती. प्रत्येकीच्या अंगावर मी शिवलेला ब्लाऊज होता. खरं बोलले असते तर उद्यापासून दुकानात कुत्रंही फिरकलं नसतं.

पण डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या आणि त्या बघण्यात काहीतरी होतं. मला एकदम ते स्टूल आठवलं. तो तांब्या. आक्का बसायच्या, पाणी प्यायच्या, घाम सुकायचा. मी काहीच करत नव्हते. मग सैल होत होतं ते काय?

मी हातातला टेप टेबलावर ठेवला.

"सैल करत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"ब्लाऊजला हातच लावत नाही. नुसतं मशीन चालवते. सुईतला दोरा काढून. आत सोडायला कापडच राहिलं नाही, डॉक्टर. ब्लाऊज घट्ट नाहीच. चार बोटं आत जातात. त्या नुसत्या बसून राहतात आणि बऱ्या होतात."

दुकानात सुई पडली असती तरी ऐकू आली असती. आणि माझ्या दुकानात सुयांना काही तोटा नव्हता.

डॉक्टर मुल्लांनी आपली खुर्ची आक्कांच्या अगदी जवळ ओढली. "आक्का, चढताना हात भरून येतो? जबडा दुखतो?"

"जबडा..." आक्का माझ्याकडे जळजळीत बघत होत्या, पण उत्तर दिलं. "दाढ किडलीया माजी, ती ठणकती. चढतानाच ठणकती मेली."

"दाढ नाही आक्का ती. आणि ब्लाऊजही नाही." डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. "हृदयाला रक्त नेणारी नळी अरुंद झालेली दिसतेय. मळ्यात पाणी सोडायच्या पाइपात गाळ बसतो ना, तसं. चढ चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून ते आवळतं. बसलात की आहे तेवढं पुरतं. अजून झटका आलेला नाही. तो यायच्या आधी आपली गाठ पडली, हे फार बरं झालं. आत्ता माझ्या गाडीतून चला. केंद्रात हृदयाची पट्टी, ईसीजी, काढू आणि तिथून मिरजेला. पट्टी चांगली आली तरी मिरजेला जायचंच."

"आत्ता? आगं, माझ्या पोराचं लगीन हाय! पापड लाटायचं ऱ्हायलंत!"

"लग्नात तुम्ही हव्यात की पापड?"

आक्का गप्प झाल्या. हौसाआक्कांना कुणी गप्प केलेलं गावानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. गाडीकडे जाताना मात्र त्या माझ्यासमोर थांबल्या. डोळ्यांत भीती नव्हती. निव्वळ राग होता.

"चार म्हयनं मला येडी बनवलीस, सुलभे?"

गाडी उतार उतरून गेली. मी मागे वळले तर रांगेतल्या सगळ्या बायका आपापल्या ब्लाऊजच्या बाह्या चाचपून बघत होत्या.

"माझा बी दसऱ्याला सैल केलावता तू," पाटलांची सून म्हणाली. "दोरा व्हता का त्यात?"

"होता गं बाई. शपथ."

कुणाचाही विश्वास बसला नाही. लग्नसराईचे दिवस, पण माझ्या मशीनवर धूळ बसायला लागली. एकेक बाई येऊन आपलं कापड परत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आक्कांची लेक कल्पना आली. माझ्या तोंडाकडे न बघताच म्हणाली, "आईनं शालूचं कापड मागितलंय. मिरजेत शिवणार हाय." मी घडी घालून दिलं आणि ती गेल्यावर पडद्यामागे जाऊन हमसाहमशी रडले. दुकानासाठी नाही. आक्का परत आल्याच नसत्या तर मी काय केलं असतं, या विचारानं. चार महिने एक बाई मरणाची पायरी चढून माझ्या दारात येत होती आणि मी घरी जाऊन तिची नक्कल करत होते.

पाचव्या दिवशी वैजयंता धावतच आली. "वहिनी, स्प्रिंग बसवली! नव्वद टक्के बंद व्हती म्हणं नळी. मोठा डॉक्टर म्हणला, आणखी पंधरा दिवस गेलं असतं तर सांगता आलं नसतं. आता उद्या सोडणार हाईत!"

मी तिला मिठीच मारली. दोघी दुकानात उड्या मारत होतो आणि रस्त्यावरून जाणारी माणसं बघत होती.

"आणि ऐका, ऱ्हायलेल्यांना डॉक्टरबाईंनी मागनं केंद्रात तपासलं. समद्या मिळून एकशे चाळीस बायका झाल्या. एकवीस जणींचं बीपी निघालं. एकीला बी ठाऊक नव्हतं. पाटलांच्या सुनंचं बी निघालं!"

"तिचं कंबरेमुळे निघालं का रागामुळे?" मी म्हटलं आणि किती दिवसांनी हसले.

लग्नाचं आमंत्रण घरोघरी गेलं, माझ्याकडेही आलं, पण ते रीतीनं आलेलं. मी जाणार नव्हते. वैजयंतानं ऐकलं नाही. हाताला धरून कार्यालयात नेलं. मी मागच्या खुर्चीवर अंग चोरून बसले होते, तेवढ्यात कल्पना शोधत आली.

"मावशी, आई बोलावतीया. वरमाईच्या खोलीत. लगेच."

मी भीत भीतच आत गेले. मोरपंखी शालू, नाकात नथ, केसांत गजरा, आणि अंगानं थोड्या उतरलेल्या हौसाआक्का पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी खोलीतल्या सगळ्या बायकांना बाहेर काढलं.

"कडी लाव."

मी लावली.

"कात्री हाय का जवळ?"

शिंपिणीच्या पिशवीत कात्री नसेल तर काय असेल! मी काढली.

"ह्यो बघ. ह्या मिरजेच्या टेलरनं बगलंत आवळून ठेवलंय. हात वर होईना माझा. अक्षता कशा टाकू?"

मी कात्री खाली ठेवली. "आक्का, छातीत तर नाही ना..."

"न्हाई गं!" त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "ती आवळ येगळी असती. आता कळतंय मला. सकाळपासनं दोनदा जिना चढले, काय सुदिक झालं न्हाई. ह्यो निसता वाईट शिवलाय. उसव."

मी बगलेची शिवण उसवायला बसले. बाहेर सनई वाजत होती.

"आक्का, मी फसवलं तुम्हाला. चुकले मी."

"फसवलंसच. दवाखान्यात पडल्या पडल्या तुला रोज शिव्या दिल्या म्या. मग त्या डाक्टर पोरीनं सांगितलं, 'त्या बाईनं समद्यांसमोर तोंड उघडलं म्हणून मी थांबले, न्हाईतर गोळी लिवून दिली असती.' आगं, तू अर्धा इंच म्हणली असतीस तर आज म्या ह्या लग्नात भितीवर असते. फोटोत. हार घालून."

मग मात्र मला राहवलं नाही. मी रडायला लागले तशा आक्का खेकसल्या, "शालूवर डोळं पुसशील तर बघ! उसव लवकर, मुहूर्त जवळ आलाय."

अक्षता पडल्या. आक्कांचे दोन्ही हात खांद्याच्या वर गेले आणि सगळ्यांच्या अक्षता पुढच्या रांगेत पडल्या, आक्कांच्या मात्र थेट नवरा-नवरीच्या डोक्यावर.

पंगत बसली तेव्हा मी गावातल्या बायकांच्या रांगेत शेवटी बसायला निघाले होते. आक्कांनी पुढून हाक मारली आणि आपल्या शेजारच्या पाटावर मला बसवलं. रांगोळी काढलेला, समईजवळचा तो पाट त्यांच्या थोरल्या नणंदेसाठी होता. नणंदबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं, पण आक्कांपुढे बोलतंय कोण? मग वाढपी आला. मीठ कमी करायला सांगितलेलं, म्हणून आक्कांनी पापड आणि लोणचं हातानंच परतवलं. मिसरीची डबी तर त्यांनी दवाखान्यातूनच फेकून दिली होती, असं नंतर कळलं.

बायकांनी गलका केला. "वरमाईनं नाव घ्यायचं! नाव घेतल्याबिगर घास न्हाई!"

समोरच्या पंगतीत त्यांचे यजमान, यशवंतआबा, फेटा सावरून ताठ बसले. चाळीस वर्षांत आक्कांनी त्यांचं नाव शंभरदा तरी घेतलं असेल, तरी दर वेळी आबा असेच सावरून बसायचे. आक्का उठून उभ्या राहिल्या. नथ नीट केली.

"मांडवाच्या दारी तोरण आंब्याच्या पानाचं,
सुलभाचं नाव घेते, तिचंच ताट मानाचं!"

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग सगळ्या पंगतीत जो हशा उसळला, तो थांबेचना. पाटलांची सून तर ठसका लागेपर्यंत हसली.

"आणि माझं?" आबांनी समोरून ओरडून विचारलं.

"तुमचं उद्या घेते! आता उद्या हाय न्हवं माझ्याकडं!"

आबा हसता हसता एकदम थांबले आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले. माझं ताट तर मला दिसतच नव्हतं. बायका "परत एकदा, परत एकदा" म्हणून ओरडत होत्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून आक्का परत तेच नाव घेत होत्या.